दवाखान्यात येणारा पेन ड्राइव्ह

एमआरआय किंवा सीटी स्कॅन केंद्रातून बाहेर पडणाऱ्या रुग्णाच्या हातात फिल्मच्या मोठ्या पाकिटाबरोबर हल्ली एक सीडी किंवा पेन ड्राइव्हही असतो. दुसऱ्या दिवशी तो हाडांच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांकडे जातो, रिसेप्शनवर तो पेन ड्राइव्ह देतो, आणि तो डॉक्टरांच्या टेबलावरच्या संगणकाला लावला जातो. त्याच संगणकावर रुग्णांच्या नोंदी असतात, बिले असतात, मेडिक्लेमची कागदपत्रे असतात; आणि एका साध्या राउटरमधून तो रिसेप्शनच्या, औषधांच्या काउंटरच्या, कधी सोनोग्राफी यंत्राच्याही संगणकाला जोडलेला असतो. हे सगळे सुरक्षित कसे ठेवायचे, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: चांगला अँटिव्हायरस घाला आणि अनोळखी पेन ड्राइव्ह लावू नका असे कर्मचाऱ्यांना बजावून सांगा. हे उत्तर बँकेच्या शाखेत चालेल, दवाखान्यात चालत नाही. दवाखान्यात येणारा जवळजवळ प्रत्येक पेन ड्राइव्ह अनोळखीच असतो आणि तो लावून पाहणे हे तिथले रोजचे काम आहे. ज्या कामाला पर्याय दिलेला नाही त्या कामावर बंदी घातली, तर ती पहिल्याच गर्दीच्या संध्याकाळी मोडते. म्हणून दवाखान्याने बाहेरून आलेल्या उपकरणासाठी वेगळी जागा करावी, आणि ती जागा इतकी सोयीची असावी की नियम मोडण्यापेक्षा पाळणे कमी कष्टाचे वाटेल, असे माझे म्हणणे आहे.

आधी त्या सीडीत काय असते ते पाहू. स्कॅनच्या प्रतिमा मोबाइलवरच्या फोटोसारख्या साध्या फाइली नसतात. त्या डायकॉम नावाच्या प्रमाणित स्वरूपात असतात. रुग्णाचे नाव, वय, तपासणीची तारीख, यंत्राची सेटिंग्ज हे सारे प्रतिमेबरोबर त्याच फाइलीत साठवलेले असते. अशी फाइल उघडायला खास व्ह्यूअर लागतो. तो डॉक्टरांकडे असेलच असे नाही, म्हणून तपासणी केंद्र त्याच सीडीवर व्ह्यूअरचा प्रोग्रामही घालून देते. डॉक्टर त्यावर डबल-क्लिक करतात आणि प्रतिमा दिसू लागतात. सोय चांगली आहे, पण तिचा अर्थ असा की कुठून आला, कोणाकोणाच्या हातून गेला हे ठाऊक नसलेला प्रोग्राम डॉक्टर दिवसातून अनेकदा आपल्या मुख्य संगणकावर चालवतात. संगणक-सुरक्षेचा कोणताही जाणकार जी गोष्ट कधीही करू नका म्हणून सांगेल, तीच इथे उपचाराचा भाग झाली आहे. डायकॉम फाइलीतही एक फट आहे. तिचे पहिले १२८ बाइट प्रमाणकानेच मोकळे सोडले आहेत. सायलेरा या कंपनीच्या एका संशोधकाने २०१९ मध्ये दाखवून दिले की त्या मोकळ्या जागेचा वापर करून एकच फाइल वैध स्कॅनही ठरेल आणि विंडोजवर चालणारा प्रोग्रामही ठरेल, अशी रचना करता येते. अशी फाइल व्ह्यूअरमध्ये नुसती उघडली तर आतला प्रोग्राम आपोआप चालत नाही, त्यामुळे यावरून घाबरून जायचे कारण नाही. पण या शोधाने अँटिव्हायरसची अडचण उघड केली: अशी संशयित फाइल पुसून टाकली तर रुग्णाचा स्कॅनही तिच्याबरोबर जातो.

पेन ड्राइव्हवरून पसरणारे विषाणू आता जुने झाले, सगळे इंटरनेटवरूनच येते, असा समज आहे. एके काळी पेन ड्राइव्हमधली सगळी फोल्डरे शॉर्टकट होऊन बसायची, तो त्रास झेरॉक्सच्या दुकानापासून कॉलेजच्या लॅबपर्यंत सर्वांनी भोगला आहे. पेन ड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने पुढे बंद केली, आणि तो विषय संपला असे अनेकांना वाटले. तो संपलेला नाही. रास्पबेरी रॉबिन नावाचा किडा पेन ड्राइव्हवरच्या अशाच एका शॉर्टकटमधून पसरतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की आधीच्या तीस दिवसांत जवळपास १,००० संस्थांमधल्या सुमारे ३,००० संगणकांवर त्याच्याशी संबंधित इशारे आले होते, आणि त्यातल्या काही ठिकाणी पुढची पायरी खंडणीखोर सॉफ्टवेअरची होती. प्लगएक्स नावाच्या घातक सॉफ्टवेअरचा, पेन ड्राइव्हवरून स्वतःला पसरवणारा एक अवतार तर त्याच्या कर्त्यांनी वाऱ्यावर सोडल्यावरही फिरत राहिला. तो ज्या पत्त्यावर संदेश पाठवत असे तो इंटरनेट-पत्ता सेकोइया या फ्रेंच कंपनीने सात डॉलरला मिळवला आणि ऐकत बसली. सहा महिन्यांत पंचवीस लाखांवर वेगवेगळ्या पत्त्यांवरून हाका आल्या, आणि सर्वाधिक बाधित देशांत भारत होता. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की आपला एवढासा दवाखाना कोण कशाला लक्ष्य करील, या प्रश्नाचे उत्तर मिळते. कोणी लक्ष्य करावे लागतच नाही. किडा माणूस निवडत नाही, पोर्ट निवडतो.

रुग्णालयाचेही उदाहरण आहे. २०२३ च्या सुरुवातीला युरोपातल्या एका रुग्णालयाच्या जाळ्यात घातक सॉफ्टवेअर आढळले आणि चेक पॉइंट या कंपनीने त्याचा माग काढला. रुग्णालयातला एक कर्मचारी आशियात एका परिषदेला गेला होता. तिथे त्याने आपले सादरीकरण इतरांना पेन ड्राइव्हवरून दिले. त्यांच्यापैकी एकाचा लॅपटॉप आधीच बाधित होता, तिथून विषाणू पेन ड्राइव्हवर आला, आणि घरी परतल्यावर तोच पेन ड्राइव्ह रुग्णालयाच्या संगणकाला लागला. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, कोणाला निष्काळजीही म्हणता येणार नाही. परिषदांमध्ये सर्वत्र हेच चालते. आपल्याकडच्या वैद्यकीय परिषदांमध्येही वक्त्याची स्लाइड पेन ड्राइव्हवरूनच व्यासपीठावरच्या लॅपटॉपवर जाते, आणि त्याच लॅपटॉपला दिवसभरात कितीतरी वक्त्यांचे पेन ड्राइव्ह लागतात.

याहून खोल अडचण यूएसबीच्या रचनेतच आहे. संगणकाला लावलेले उपकरण स्वतःच सांगते की मी कोण आहे: साठवणीचे साधन, कीबोर्ड, माउस की नेटवर्क कार्ड. संगणक ते खरे मानतो. पडताळणीची कोणतीही पायरी मूळ योजनेत नाही. २०१४ मध्ये लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनी दाखवले की साध्या पेन ड्राइव्हच्या आतल्या नियंत्रक चिपचा प्रोग्राम बदलून त्याला कीबोर्ड असल्याची बतावणी करायला लावता येते. मग तो माणसाला शक्य नाही अशा वेगाने स्वतःच आज्ञा टाइप करू लागतो. अँटिव्हायरस फाइली तपासतो. इथे तपासायला फाइलच नसते. ही केवळ प्रयोगशाळेतली करामत राहिली नाही. जानेवारी २०२२ मध्ये एफबीआयने अमेरिकी कंपन्यांना इशारा दिला की गुन्हेगारांची एक टोळी टपालाने असे ड्राइव्ह पाठवत आहे, आणि त्यातल्या काही पाकिटांवर पाठवणारा म्हणून अमेरिकेच्या आरोग्य खात्याचे नाव आणि आत कोविडच्या मार्गदर्शक सूचनांचा उल्लेख असलेले पत्र होते. सरकारी आरोग्य खात्याचे पाकीट आले तर कोणत्या दवाखान्याची रिसेप्शनिस्ट ते उघडणार नाही?

इथे नेहमी प्रशिक्षणाचा मुद्दा येतो. लोकांना शिकवले तर ते सावध होतील, हे काही अंशी खरे आहे आणि शिकवायला हवेच. पण त्या शिकवणुकीची मर्यादा मोजली गेली आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेन ड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. त्याचा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. किमान ४५ टक्के ड्राइव्हवरच्या फाइली कोणी ना कोणी उघडल्या, आणि पहिला ड्राइव्ह सहा मिनिटांच्या आत एका संगणकाला लागला होता. ज्यांनी नंतर प्रश्नावली भरून दिली त्यांच्यापैकी दोनतृतीयांश लोकांनी सांगितले की मालकाचा शोध लागावा म्हणून आम्ही तो उघडला. म्हणजे धोका पत्करायला लावणारी गोष्ट बहुतेकांच्या बाबतीत चांगुलपणा होती. दवाखान्यातला कर्मचारी तर मदतीसाठीच बसलेला असतो. समोर वेदनेने कळवळणारा रुग्ण आणि हातात त्याचा स्कॅन असताना त्याने सुरक्षेच्या नियमाचा तक्ता आठवावा ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. केवळ बंदीही टिकत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या जाळ्यात किडा शिरल्यावर नोव्हेंबर २००८ मध्ये पेन ड्राइव्हवर बंदी घातली, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ती काही अटींवर सैल करावी लागली. हुकूम मोडणे हा गुन्हा असलेल्या संस्थेची ही गत, तर चार माणसांच्या दवाखान्यात काय होईल ते उघड आहे.

वैद्यकाने स्वतःच्या घरात हा प्रश्न एकदा सोडवला आहे. डॉक्टर आणि परिचारिका दोन रुग्णांच्या मध्ये हात धूत नाहीत, ही तक्रार दीडशे वर्षे जुनी. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात भित्तिपत्रके तर लावलीच, पण त्याबरोबर हात चोळायचे अल्कोहोलचे द्रावण रुग्णाच्या खाटेपाशी आणून ठेवले. बेसिनपर्यंत जाणे, धुणे, पुसणे यात जाणारा वेळच वाचला. हातांची स्वच्छता पाळण्याचे प्रमाण १९९४ मधल्या ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. माणसे तीच होती; योग्य गोष्ट हाताशी आली होती. पेन ड्राइव्हच्या बाबतीत दवाखान्याला नेमके हेच करायचे आहे.

म्हणजे प्रत्यक्षात काय? बाहेरचे काहीही लावायला एक स्वतंत्र संगणक. तो नवा असायची गरज नाही. बाजूला पडलेला चालू स्थितीतला संगणक पुरतो. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालावे, म्हणजे सीडीवरचा विंडोजचा व्ह्यूअर आणि विंडोजसाठी लिहिलेले बहुतेक विषाणू तिथे चालतच नाहीत. प्रतिमा पाहायला वेसिससारखा मोफत, मुक्त-स्रोत व्ह्यूअर त्यावर कायमचा बसवून ठेवावा. या संगणकाला दवाखान्याच्या जाळ्याची जोडणी नसावी, इंटरनेटचीही नसावी. आणि त्याचा पडदा डॉक्टरांच्या टेबलावरच असावा. या शेवटच्या अटीवर माझा सर्वांत जास्त भर आहे, कारण बहुतेक चांगल्या योजना इथेच फसतात: असा संगणक मागच्या खोलीत ठेवला की रुग्णाला उठवून तिथपर्यंत कोण नेणार, म्हणून आठवड्याभरात पेन ड्राइव्ह पुन्हा मुख्य संगणकाला लागू लागतो. स्कॅन आपल्या नोंदीत साठवून ठेवायचाच असेल, तर ऑर्थँकसारखा छोटा मुक्त-स्रोत डायकॉम सर्व्हर ठेवता येतो, आणि राउटर किंवा फायरवॉल जाणकाराकडून असा मांडून घ्यायचा की वेगळ्या संगणकाकडून त्या सर्व्हरकडे फक्त डायकॉमची वाहतूक जाईल, बाकी काही नाही. एरवी हे दोन्ही संगणक एकमेकांना दिसताच कामा नयेत. जाळ्याचे असे भाग पाडण्याचे महत्त्व दिल्लीच्या एम्सने आपल्याला दाखवले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे खंडणीखोरांनी पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद केली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाचे काम कित्येक दिवस कागद-पेनावर चालले. तो हल्ला पेन ड्राइव्हमुळे झाला असे मी म्हणत नाही. पण जाळ्याची विभागणी नीट नव्हती, हे सरकारने संसदेत त्याचे कारण म्हणून सांगितले. एकदा शिरलेल्याला पुढे अडवणारी भिंत नव्हती.

वेगळी जागा तयार झाली की मगच मुख्य संगणकांवरचे दार बंद करायचे, आणि मग ते निर्धास्तपणे बंद करता येते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत काढता-घालता येणाऱ्या सर्व साठवण-साधनांना मनाई करणारी धोरण-सेटिंग आहे. होम आवृत्तीत ती सहज हाताशी येत नाही, म्हणून दवाखान्याचा संगणक घेताना प्रो मागणे हा अगदी योग्य खर्च आहे. कर्मचाऱ्यांचे खाते अ‍ॅडमिनचे नसावे. मात्र साठवणीवरची मनाई कीबोर्डची बतावणी करणाऱ्या उपकरणाला थांबवत नाही. त्यासाठी काउंटरवरच्या संगणकाचे पुढचे पोर्ट झाकणे आणि सीपीयू रुग्णांच्या हाताला लागणार नाही असा ठेवणे, हे साधे उपायच जास्त कामाचे ठरतात.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: इतके करण्यापेक्षा पेन ड्राइव्हच नको, स्कॅनची लिंक पाठवा. अनेक केंद्रे आता तसे करतात आणि दिशा बरोबरही आहे. पण लिंकमागचा सर्व्हर उघडा असेल तर धोका फक्त जागा बदलतो. जर्मनीच्या ग्रीनबोन या कंपनीने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतीय रुग्णांच्या बारा कोटींवर वैद्यकीय प्रतिमा इंटरनेटवर कोणतेही संरक्षण नसलेल्या सर्व्हरवर सापडल्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. दुसरा पर्याय म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिल्मचा फोटो पाठवला जातो. त्यात बारकावे जातात, आणि बारीक फ्रॅक्चर किंवा छोटी गाठ शोधणाऱ्याला तेच हवे असतात. शिवाय खेड्यातून येणारा, स्मार्टफोन न वापरणारा वृद्ध रुग्ण पुढची अनेक वर्षे सीडीच घेऊन येणार आहे. त्याला परत पाठवणे हा पर्याय असूच शकत नाही.

दवाखान्यात येणाऱ्या उपकरणांइतकीच बाहेर जाणारी उपकरणेही महत्त्वाची आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका त्वचारोग दवाखान्याच्या कर्मचाऱ्याच्या गाडीतून २०११ मध्ये एक पेन ड्राइव्ह चोरीला गेला. त्यावर सुमारे २,२०० रुग्णांची माहिती होती आणि ती कूटबद्ध केलेली नव्हती. २०१३ मध्ये त्या दवाखान्याला दीड लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडापेक्षा मला इथे रुग्ण जास्त महत्त्वाचा वाटतो: एचआयव्हीचा अहवाल, गर्भपाताची नोंद, मानसोपचाराची औषधे ही माहिती एकदा बाहेर गेली की ती परत आणता येत नाही. बॅकअपसाठी हार्ड डिस्क वापरायचीच असते, वापरायलाच हवी. पण ती कूटबद्ध असावी आणि बॅकअप संपताच काढून कुलपात जावी. बारा महिने संगणकाला लटकलेली बॅकअप डिस्क हा बॅकअप राहत नाही, कारण खंडणीखोर सॉफ्टवेअर मूळ नोंदींबरोबर तीही कुलूपबंद करते. दोन डिस्क आलटून पालटून वापरल्या तर एक नेहमी वेगळी राहते.

मोबाइलचाही विचार करायला हवा. चार्जिंगसाठी तो संगणकाला लावण्याची सवय एका भिंतीवरच्या चार्जरने मोडते. चार्जिंगपेक्षा काळजीची गोष्ट म्हणजे नेट गेले की केबलने मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देणे. राउटरवर केलेली सारी विभागणी त्या क्षणी वळसा घालून ओलांडली जाते. आणि यंत्रांच्या दुरुस्तीला येणारे इंजिनिअर. एक्स-रे, सोनोग्राफी, ईसीजीच्या यंत्रांत आत बहुधा जुने विंडोज असते, त्याचे अपडेट कधीच थांबलेले असतात आणि उत्पादकाच्या परवानगीशिवाय त्यावर काही बसवताही येत नाही. इंजिनिअर दिवसभरात पाच-सहा ठिकाणी एकच पेन ड्राइव्ह लावतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वीज कंपनीच्या टर्बाइनच्या नियंत्रण यंत्रणेत विषाणू गेला तो बाहेरून आलेल्या अशाच तंत्रज्ञाच्या पेन ड्राइव्हवरून, आणि संयंत्र पुन्हा सुरू व्हायला सुमारे तीन आठवडे उशीर झाला. दवाखान्याने इंजिनिअरला आपला स्वतःचा, आधी वेगळ्या संगणकावर पुसून घेतलेला पेन ड्राइव्ह द्यावा आणि अपडेट त्यावर उतरवून घ्यायला सांगावे. देखभालीच्या करारातच ही अट घातली तर वाद होणार नाही.

तरीही सगळा भार दवाखान्यांवर टाकणे बरोबर नाही. या साखळीत सर्वांत स्वस्तात सुधारणा करू शकणारी जागा तपासणी केंद्र आहे. एका शहरात हाडांचे डॉक्टर शेकड्यांनी असतील, पण एमआरआय केंद्रे मोजकी असतात. सीडीवर व्ह्यूअर घालावाच असे डायकॉमचे प्रमाणक सांगत नाही. फक्त प्रतिमा आणि त्यांची सूची दिली तरी कोणताही प्रमाणित व्ह्यूअर त्या उघडतो. केंद्रांनी पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या पेन ड्राइव्हऐवजी एकदाच लिहिली जाणारी सीडी द्यावी, तिच्यावर प्रोग्राम नसावा, आणि रुग्णाने घरून आणलेल्या पेन ड्राइव्हवर प्रतिमा भरून देणे बंद करावे, कारण त्या क्षणी केंद्राचा स्वतःचा संगणकही त्याच धोक्यात येतो. रेडिओलॉजिस्टांच्या आणि डॉक्टरांच्या संघटनांच्या शहर शाखांनी एकत्र बसून एवढे ठरवले, आणि प्रत्येक दवाखान्यात एक मोफत व्ह्यूअर बसवून दिला, तर अनोळखी प्रोग्रामवर डबल-क्लिक करण्याचे काम डॉक्टरांच्या दिनक्रमातून काढून टाकता येईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही आणि कायद्याची वाटही पाहावी लागत नाही.